कापून टाकलेले चित्रण कोणाचे?

गेल्या हिवाळ्यात ठाण्यात एका दिवंगत मराठी अभिनेत्यावरच्या माहितीपटाचा निमंत्रितांसाठी खेळ झाला. अभिनेत्याचे आणि दिग्दर्शकाचे नाव इथे देत नाही, कारण तक्रार त्या एका माहितीपटाबद्दल नाही. पंचाहत्तर मिनिटांत बावीस माणसे खुर्चीत बसून बोलली. कुणाच्या मागे पुस्तकांचे कपाट होते, कुणाच्या मागे सन्मानचिन्हे मांडलेली होती, आणि बाविसांपैकी एकोणीस जणांनी, मोजले म्हणून सांगतो, ‘कलावंत म्हणून मोठा होताच, पण माणूस म्हणून त्याहून मोठा’ हे वाक्य थोड्याफार फरकाने उच्चारले. खेळ संपल्यावर चहाच्या टेबलापाशी मी दिग्दर्शकांना विचारले की एकूण चित्रण किती तासांचे झाले होते. ‘चाळीसच्या वर असेल,’ ते म्हणाले. उरलेले कुठे आहे? ‘संकलकाकडे दोन हार्ड डिस्क होत्या. त्यातली एक आता उघडत नाही.’ हे त्यांनी समोशाची बशी पुढे करत, पावसाळ्यात छत्री हरवल्याचे सांगावे तितक्या सहजपणे सांगितले. मुलाखत दिलेल्यांपैकी तिघे आता हयात नाहीत, ही माहितीही त्यांनीच पुरवली.

नामवंत नटनट्यांवरचे माहितीपट प्रामाणिक असावेत, अशी मागणी आपल्याकडे अधूनमधून होत असते. ती रास्त असली तरी निरुपयोगी आहे, असे माझे मत झाले आहे. प्रामाणिकपणा ना अनुदानाच्या अर्जात लिहून घेता येतो, ना तो तपासणारा अधिकारी नेमता येतो. मागायचेच असेल तर मोजून ताब्यात घेता येईल असे काही मागावे. ज्या माहितीपटाला शासनाचा, महापालिकेचा किंवा अन्य कोणत्याही सार्वजनिक संस्थेचा पैसा मिळतो, त्यासाठी घेतलेल्या प्रत्येक मुलाखतीचे न कापलेले चित्रण, बोलणाऱ्याचे नाव आणि तारीख यांसह, सार्वजनिक संग्रहात जमा झाल्याशिवाय पैशाचा अखेरचा हप्ता देऊ नये, एवढीच माझी मागणी आहे. पडद्यावर आलेली पंचाहत्तर मिनिटे दिग्दर्शकाची; ती त्याने हवी तशी गोड करावीत. उरलेले अडतीस-चाळीस तास मात्र लोकांच्या पैशाने झालेले असतात आणि माझ्या समजुतीप्रमाणे त्या अभिनेत्याचा खरा वारसा बहुधा त्यातच पडलेला असतो.

हे माहितीपट असे का होतात, याचा दोष सरसकट दिग्दर्शकांच्या भिडस्तपणावर टाकणे अन्यायाचे होईल. नटावरचा माहितीपट त्याच्या चित्रपटांतल्या तुकड्यांशिवाय उभा राहत नाही. तो तुकडा निर्मात्याचा, त्यातले गाणे ध्वनिमुद्रिका कंपनीचे, जुनी छायाचित्रे घरच्यांची किंवा छायाचित्रकाराच्या वारसांची. आणि यांपैकी प्रत्येकाची सही घेताना दिग्दर्शकाच्या मनातला एकेक प्रश्न गळून पडतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये नयनतारा या दाक्षिणात्य अभिनेत्रीवरचा माहितीपट नेटफ्लिक्सवर आला, तेव्हा एका जुन्या चित्रपटाच्या चित्रीकरणावेळची अवघी तीन सेकंदांची दृश्ये वापरल्याबद्दल त्या चित्रपटाचा निर्माता असलेल्या धनुष या अभिनेत्याकडून दहा कोटी रुपयांच्या मागणीची नोटीस आल्याचे तिनेच जाहीर पत्र लिहून सांगितले होते. तिच्यापाशी भांडण्याइतके बळ आणि नाव होते. पाच-सात लाखांत, मित्राचा कॅमेरा उसना घेऊन काम करणारा मराठी दिग्दर्शक अशा नोटिशीच्या नुसत्या कल्पनेने वाकतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सलीम-जावेद या पटकथाकार जोडीवर तीन भागांची मालिका आली. तिच्या निर्मात्यांत सलमान खान, फरहान अख्तर आणि झोया अख्तर, म्हणजे त्या दोघांचीच मुले होती. मालिका बघायला मला मजा आली, हे कबूल करतो. पण वडिलांना समोर बसवून बाहेरच्या माणसाने जे विचारले असते ते मुलांच्या पैशातून विचारले जाईल अशी अपेक्षा कुणी करू नये, आणि खासगी पैशावर चाललेल्या कामाबद्दल तक्रार करण्याचा मला अधिकारही नाही.

मराठीत खरे म्हणजे परंपरा उलटी आहे. शांता आपटे यांनी १९४० साली, कीर्तीच्या ऐन शिखरावर असताना, ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून या धंद्यात शिरू पाहणाऱ्या मुलींना आतला व्यवहार उघड करून सांगितला. हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’मध्ये दारू, पुरुष, पैसा आणि स्वतःची फरफट यांविषयी जितके स्पष्ट बोलले गेले आहे, तितके स्पष्ट बोलणारा एकही माहितीपट मला आठवत नाही, आणि त्या आत्मकथेतून चित्रपट निघाला तोही हिंदीत, १९७७ साली, श्याम बेनेगलांच्या हातून. म्हणजे लपवाछपवी ही मराठी माणसाच्या स्वभावातच आहे, असे म्हणता येत नाही. कागदावर लिहिणाऱ्याला कुणाच्या क्लिपा लागत नाहीत, ध्वनिमुद्रिका कंपनीची सही लागत नाही, म्हणून लेखणी धीट राहिली आणि कॅमेरा मिंधा झाला, इतकाच त्यातला फरक आहे.

कायद्याकडे बोट दाखवून ही भिडस्तता झाकण्याची पद्धत आहे, पण कायदा तितका कडक नाही. सार्वजनिक अभिलेखांत असलेल्या माहितीवर कुणाविषयी लिहायचे तर त्याच्या संमतीची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली आर. राजगोपाल यांच्या प्रकरणात म्हटले आहे. सुशांतसिंह राजपूत याच्या आयुष्यावरच्या चित्रपटाविरुद्ध त्याच्या वडिलांनी केलेल्या दाव्यात, खासगीपणाचा आणि प्रसिद्धीचा त्याचा हक्क त्याच्याबरोबरच संपला, तो वारसाने येत नाही, अशी भूमिका दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये घेतली. तरीही वारसांचे ‘ना हरकत’ पत्र आणल्याशिवाय कुणी पुढे जात नाही, कारण आयुष्याची गोष्ट वारसांच्या मालकीची नसली तरी अल्बम, पत्रे आणि जुन्या ध्वनिफिती त्यांच्याच कपाटात असतात. कपाटाची किल्ली ज्याच्या कमरेला, त्याच्या मर्जीचा माहितीपट.

आता ठाण्याकडे येतो, कारण हा प्रश्न आमच्या गावात रोज रिक्षाने फिरतो. स्टेशनबाहेर पश्चिमेला रिक्षावाल्याला ‘नाट्यगृह’ म्हटले तर तो विचारतो, ‘गडकरी की घाणेकर?’ आणि उत्तर ऐकून तलावपाळीकडे किंवा मानपाड्याच्या दिशेला वळतो. डॉ. काशिनाथ घाणेकर हे नाव ठाण्यात आता एका पत्त्याचे नाव झाले आहे. ‘घाणेकरला प्रयोग आहे’, ‘घाणेकर मिनीला तालीम आहे’, ही वाक्ये आम्ही इतक्या वेळा बोलतो की त्यात एक माणूस होता हे लक्षातही येत नाही. गडकऱ्यांच्या बाबतीत निदान एवढे समाधान आहे की रंगायतनात ज्यांचे नाव रोज वाचतो त्यांचे ‘एकच प्याला’ ग्रंथालयात जाऊन हातात घेता येते. ज्यांचे नाव वाशीच्या नाट्यगृहाला दिले त्या विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत सीतास्वयंवर रंगवले. ते इतके दूरचे आहेत की त्यांच्याबाबत इतिहासाची दोन पाने पुरेशी वाटतात. घाणेकर मात्र आमच्या वडिलांच्या पिढीने डोळ्यांनी पाहिलेले नट आहेत. ते १९८६च्या मार्चमध्ये अमरावतीला, नाटकाच्या दौऱ्यावर असतानाच गेले. त्यांच्यामागे उरले ते शब्द लेखकांचे. त्यांचे स्वतःचे म्हणजे ते शब्द ज्या रीतीने उच्चारले गेले ती रीत, आणि ती कोणत्याच ग्रंथालयात मिळत नाही.

दंतवैद्यक शिकलेला हा माणूस वसंत कानेटकरांच्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मध्ये १९६२ साली संभाजी होऊन उभा राहिला आणि त्यानंतर ‘अश्रूंची झाली फुले’तल्या लाल्याने त्याला असे वेड मिळवून दिले की मराठी रंगभूमीवर नटाच्या नावावर बुकिंगची खिडकी बंद होणे म्हणजे काय, ते लोकांना समजले. चित्रपटांतले घाणेकर आपल्यापाशी आहेत. ‘पाठलाग’मध्ये आहेत, ‘मधुचंद्र’मध्ये आहेत, ‘एकटी’मध्ये तर पुढे ज्यांचे ते जावई झाले त्या सुलोचनाबाईंच्या मुलाच्या भूमिकेत आहेत. ‘गोमू संगतीनं’ हे गाणे ठाण्यातल्या एखाद्या हळदीला किंवा सोसायटीच्या कोजागिरीला वाजत नाही असे वर्ष गेलेले मला आठवत नाही, पण पडद्यावर ते कोण म्हणत होते असे नाचणाऱ्यांना विचारले तर दहातल्या दोघांना सांगता येईल की नाही, शंका आहे. आणि तरीही चित्रपटांतले घाणेकर हे काहीसे आवरून धरलेले घाणेकर आहेत, असे ज्यांनी दोन्ही पाहिले ते सांगतात. नाटकातल्या घाणेकरांचा, म्हणजे ज्यामुळे नाट्यगृहाला त्यांचे नाव मिळाले त्या माणसाचा, पुरावा आपल्यापाशी जवळजवळ नाही.

ही पोकळी रिकामी राहिलेली नाही, हे अधिक गंभीर आहे. २०१८ च्या दिवाळीत घाणेकरांवरचा चरित्रपट आला, सुबोध भाव्यांनी ती भूमिका जीव तोडून केली, आणि तेव्हापासून लाल्या म्हटले की तरुण पिढीच्या डोळ्यांसमोर भावे येतात. यात त्या नटाचा किंवा दिग्दर्शकाचा काही दोष नाही. चरित्रपट हा नाट्यप्रकार आहे, त्याने कल्पना करायचीच असते. परंतु अस्सल नाणे बाजारातच नसले म्हणजे त्याच्यासारखे पाडलेले नाणे खरे म्हणून चालू लागते, तसे झाले आहे. माझ्या भाच्याने, जो एकांकिका स्पर्धांत काम करतो आणि ज्याला या विषयाची आस्था आहे, मला गंभीरपणे सांगितले की घाणेकर संवाद ‘असे’ टाकायचे, आणि त्याने जे करून दाखवले ते चरित्रपटातले होते. हे मी त्याला पटवून कसे देणार? माझ्यापाशी तरी दुसरे काय आहे?

घाणेकरांवर चांगला माहितीपट व्हायला हवा, असे म्हणणारी माणसे ठाण्यात पुष्कळ आहेत आणि जन्मशताब्दी आता फार दूर नसल्यामुळे तशी एखादी घोषणा होईलही. झाली तर तिचे स्वागत करताना आपण काय मागणार, हा माझा प्रश्न आहे. कारण एक गोष्ट कॅलेंडरवर मोजता येते. १९६२ साली विशीत असलेला प्रेक्षक आज ऐंशी ओलांडून गेला आहे. दौऱ्याच्या बसचा चालक, विंगेत कपडे घेऊन उभा राहणारा माणूस, दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहाच्या खिडकीत बसून आसनांच्या प्लॅनवर पेन्सिलीने फुल्या मारणारा कारकून, तालुक्याच्या गावी प्रयोग विकत घेणारा कंत्राटदार, यांपैकी जे असतील ते याहून तरुण नाहीत. माहितीपटात त्यांना प्रत्येकी वीस सेकंद मिळतील आणि त्या वीस सेकंदांत ते ‘माणूस म्हणून मोठा’ हेच म्हणतील, कारण संकलक नेमके तेच वाक्य ठेवतो. पण कंत्राटदार तासभर बोलला असेल तर त्या तासात घाणेकर एका प्रयोगाची नाइट, म्हणजे मानधन, किती घेत, ती इतर नटांच्या किती पट होती, प्रयोग रद्द झाला तर तोटा कुणाच्या अंगावर जाई, हेही निघाले असेल. स्टार म्हणजे काय याचे उत्तर मला या हिशेबात शोधावेसे वाटते. अश्रू सगळ्यांचे सारखे असतात. वही प्रत्येकाची वेगळी असते. माझ्या पाहण्यातल्या एकाही माहितीपटाने आजवर कुणाची जमाखर्चाची वही पडद्यावर दाखवलेली नाही.

न कापलेल्या सामग्रीचे मोल आपल्याला कळायला हवे होते, इतके आपण या बाबतीत पोळलेले आहोत. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले, म्हणजे दादासाहेब फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटानंतर एक्कावन्न वर्षांनी. आणि तिथल्या पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या घरापर्यंत जाऊन उरलीसुरली रिळे जमवली म्हणून आज आपण फाळके थोडेफार तरी पाहू शकतो. १९३१चा ‘आलम आरा’, ज्याच्यापासून आपल्या बोलपटांचा इतिहास सुरू होतो, त्याची एकही प्रत आज नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या कोठाराला आग लागली आणि प्रभातच्या काळातली, नायट्रेट या ज्वलनशील फिल्मवरची जुनी रिळे जळून गेली. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले, म्हणजे घाणेकर गेले त्याआधीची तेराहून अधिक वर्षे शेजारच्या मुंबईत दूरचित्रवाणीचे कॅमेरे होते. पण त्या काळी टेप महाग आणि जागा अपुरी, त्यामुळे एका कार्यक्रमावर दुसरा चढवणे ही नित्याची गोष्ट होती. नायट्रेट जळते, टेप पुसली जाते, हे त्या काळाचे अपघात होते आणि काटकसरही होती. आजच्या हार्ड डिस्कला असे कोणतेही निमित्त नाही. चाळीस तासांचे चित्रण सांभाळायला लागणारी सामग्री त्या दिवशीच्या चहापानाच्या खर्चात आली असती.

हक्कांची अडचणही वाटते तितकी कायमची नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षे चालतो. ‘पाठलाग’ १९६४चा, म्हणजे २०२४च्या डिसेंबरअखेर चित्रपट म्हणून त्यावरचा हक्क संपला आणि आता त्यातले दृश्य माहितीपटात वापरायला निर्मात्याची सही लागत नाही. गाण्यातल्या शब्दांचे गणित निराळे आहे, ते कवीच्या मृत्यूपासून मोजतात, आणि ‘पाठलाग’मधले ‘या डोळ्यांची दोन पाखरे’ लिहिणारे गदिमा १९७७ साली गेले असल्याने त्या शब्दांवरचा हक्क २०३७ संपेपर्यंत राहील. पण दर १ जानेवारीला मराठी चित्रपटाचे आणखी एक वर्ष मोकळे होत जाते आणि घाणेकरांच्या चित्रपटांची उमेदीची वर्षे याच दशकात मोकळी होत आहेत. त्यातली खरी गोम अशी की हक्क संपला तरी स्वच्छ प्रत आपोआप हातात येत नाही. निगेटिव्ह ज्याच्या ताब्यात आहे तो पैसे मागू शकतो, नकार देऊ शकतो किंवा फोनच उचलत नाही. कायद्याने लोकांचे झालेले चित्रपटही म्हणूनच सार्वजनिक संग्रहात चांगल्या प्रतीत असणे आवश्यक आहे, नाहीतर सार्वजनिक मालकी ही यूट्यूबवरच्या धूसर, कोपऱ्यात तीन वाहिन्यांचे शिक्के असलेल्या प्रतीपुरती राहते.

माझ्या सूचनेवर दोन आक्षेप येतात आणि पहिला मला वजनदार वाटतो. चित्रण जसेच्या तसे जमा होणार आहे हे कळले तर माणसे मोकळेपणी बोलणारच नाहीत. आज कॅमेरा चालू असताना ‘हे कापा हं’ म्हणून जे सांगतात तेही सांगणार नाहीत. हे खरे आहे. त्यावरचा उपाय नवा नाही, जुनी पत्रे आणि दैनंदिन्या ठेवणाऱ्या संस्था तो वापरत आल्या आहेत: बोलणाऱ्याने स्वतः मुदत घालावी. दहा वर्षे, वीस वर्षे, किंवा अमुक व्यक्ती हयात असेपर्यंत हे उघडू नये, असे त्याने सही करून द्यावे आणि संग्रहाने ते पाळावे. मुदतीमुळे माणूस घाबरण्याऐवजी सैल होतो, असा माझा थोडाफार अनुभव आहे, कारण आजच्या ‘हे कापा हं’ला कुणाची हमी नसते आणि त्या मुदतीला असते. ज्यांच्या उणिवांविषयी बोलले जाईल त्या कुटुंबांचाही यात बचाव आहे. घाणेकरांच्या बाबतीत तर घरच्यांवर लपवाछपवीचा आरोप करताच येणार नाही. कांचन घाणेकरांनी ‘नाथ हा माझा’ लिहून त्यांचे व्यसन, हट्ट आणि त्यांच्यावरचे प्रेम हे सगळे वाचकांपुढे ठेवले आहे. बायकोने जे लिहिले ते बोलायला चाहते संकोचतात, ही आपल्याकडची गंमत आहे.

दुसरा आक्षेप सरकारी खाक्याचा आहे: अशी अट घातली तर अनुदान मागायला कुणी येणार नाही, आणि आलेले चित्रण ठेवायचे कुठे? पहिल्या भागाची मला चिंता वाटत नाही. बिले, पावत्या, सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र आणि तीन प्रतींत अर्ज देणारा निर्माता आणखी एक डिस्क द्यायला बिचकणार नाही. ठेवायच्या जागेबाबत, मूळ प्रत पुण्याच्या संग्रहालयात जावी हे उघड आहे. २०२२ साली ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाल्यापासून तिथल्या कामकाजाबद्दल चित्रपटाच्या अभ्यासकांत मतभेद आहेत, तरी थंड कोठारे आणि जाणकार माणसे तिथेच आहेत. पण दुसरी प्रत गावात राहिली पाहिजे, असा माझा आग्रह आहे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली निघाले, तेव्हा ज्यांनी पुस्तके जमवायला घेतली त्यांनाही लोकांनी ‘ठेवणार कुठे’ असेच विचारले असणार. तिथल्या वाचनकक्षात एक संगणक, कानाला लावायचे दोन संच आणि विषयवार नोंदींची एक वही, एवढ्यावर सुरुवात होते. मुंबईपुण्याला न जाता ठाण्यातल्या, कळव्यातल्या, ऐरोलीतल्या एखाद्या नाट्यवेड्या मुलाला दुपारी तिथे बसून जुन्या कंत्राटदाराची तासाभराची मुलाखत पूर्ण ऐकता आली तर तो पुढे जे लिहील ते आजच्या श्रद्धांजलींसारखे नसेल.

शिवाय माहितीपटाची वाट बघण्याचीही गरज नाही. नाट्यगृहे सकाळच्या वेळी, तालीम नसेल तेव्हा, बऱ्याचदा रिकामी असतात. महापालिकेने घाणेकरांच्याच नावाच्या वास्तूत आठवड्यातून एक सकाळ राखून ठेवावी, दोन माइक आणि एक स्थिर कॅमेरा लावावा आणि ज्यांनी त्यांना रंगमंचावर पाहिले, त्यांच्याबरोबर काम केले किंवा त्यांचे प्रयोग लावले अशांना रिक्षाभाडे देऊन बोलवावे. दिग्दर्शक नको, पार्श्वसंगीत नको, मागे पुस्तकांचे कपाट तर नकोच. हे काम कंटाळवाणे आहे, त्याचे उद्घाटन करता येत नाही आणि त्यावर कुणाचे नाव कोरता येत नाही, म्हणून ते होत नाही, हे मला माहीत आहे.

मी स्वतः यातले फक्त चार मिनिटांचे काम केले आहे. नौपाड्यात आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहत, रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांनी लाल्या पाहिला होता. तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी मी मोबाइल टेबलावर ठेवून त्यांना बोलते केले. ते उठून उभे राहिले, खांदा किंचित पाडला, मान वळवली आणि लाल्याचे वाक्य म्हणून दाखवले. मग थांबले आणि म्हणाले, ‘हे त्याचंच आहे की सिनेमात पाहिलं ते, आता मला सांगता येत नाही रे.’ प्रयोग कुठे पाहिला असे विचारल्यावर ते ठाण्यात, मैदानावरच्या मांडवात, असे सांगू लागले. तेव्हा आतून, कुकरच्या शिट्टीवर आवाज चढवून, काकू म्हणाल्या, ‘ठाण्याला नाही हो, शिवाजी मंदिरला. मी होते की बरोबर. येताना शेवटची गाडी चुकली म्हणून तुम्ही चिडला होतात.’ काकांनी मान्य केले नाही. त्यापुढची दीड मिनिटे दोघे मांडव की शिवाजी मंदिर, कोणते वर्ष, मोठा मुलगा तेव्हा झाला होता की नव्हता, यावर वाद घालत आहेत, मधे एकदा दाराची बेल वाजते, आणि लाल्याचे नावही निघत नाही. काका गेल्या पावसाळ्यात गेले. ती फाइल मी एका माहितीपट करणाऱ्या मित्राला ऐकवली, तेव्हा त्याने सुरुवातीची चाळीस सेकंदे छान आहेत, बाकी कापू, असे सांगितले.